व्हिडिओमागं दोन रुपये नको ताई, एक्कावन्न मागा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुम्ही सोलापुरातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या, हातमागावर आयुष्य घातलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकताय, अकरा हजार सबस्क्रायबर झालेत, जाहिरातीचे पैसे एवढे कमी की शंभर डॉलर साठायला पाच-सहा महिने जातात (त्याच्याआधी गूगल पैसे सोडतच नाही), आणि भाच्यानं सुचवलंय की प्रत्येक व्हिडिओला दोन रुपये लावू, हजार लोकांनी बघितलं तरी दोन हजार सुटले. कागदावर हिशोब बरोबर आहे. मी नऊ-दहा वर्षं हेच काम करतोय, छोट्या लोकांच्या वेबसाइटला, चॅनलला, क्लासला पैसे घ्यायची सोय करून द्यायचं, नवी पेठेत जिन्याखाली ऑफिस आहे, आणि हा दोन रुपयेवाला हिशोब घेऊन वर्षाला चार-पाच जण तरी माझ्याकडं येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाच्याला आधी सांगा की पोरा, तू खिशाचा हिशोब केलास, डोक्याचा केला नाहीस. दोन रुपये कुणालाच जड नाहीत. जड असतं ते ठरवणं. व्हिडिओ दिसला, त्याच्यावर कुलूप दिसलं की माणसाच्या डोक्यात सुरू होतं, हा दोन रुपयाचा आहे का, मागं बघितलेलाच तर नाही ना, फोनपे उघडावं का, कुठली फ्रॉड लिंक तर नसेल, आत्ता जाऊ दे रात्री बघू. आणि रात्री कोण बघत नाही. एवढं सगळं दोन रुपयासाठी होतं आणि दोनशे रुपयासाठी पण एवढंच होतं. मग माणूस जर एवढा विचार करणारच असला तर त्याला दोन रुपयात का सोडायचं?

हे माझं डोकं नाही बरं का. निक साबो म्हणून एक कॉम्प्युटरवाला माणूस आहे, त्यानं १९९९ सालीच लिहून ठेवलंय की छोट्या पेमेंटचा खरा खर्च मशीनचा नसतो, मनाचा असतो. तिकडं परदेशात लोकांनी याच्यावर लै प्रयोग केले. इंटरनेटच्या नियमातच ४०२ नंबरचा एक कोड 'पैसे भरा' म्हणून राखून ठेवला होता, वर्षानुवर्षं तो तसाच पडून राहिला. डेव्हिड चॉम यांनी १९८९ मध्ये डिजिकॅश ही डिजिटल पैशाची कंपनी काढली, १९९८ ला दिवाळं निघालं. नेदरलँड्समध्ये ब्लेंडल म्हणून एक होतं, २०१४ ला सुरू झालं, पेपरातला एकेक लेख सुट्टा विकत घ्यायचा, गाजलं पण खूप, आणि २०१९ ला त्यांनीच तो सुट्टा धंदा बंद करून महिन्याच्या वर्गणीवर उडी मारली. म्हणजे हा रस्ता नवीन नाही, फक्त त्याच्यावरून पोचलेलं कोण दिसत नाही.

तिकडं अजून एक अडचण होती ती फीची. कार्डावर पैसे घेतले की २.९ टक्के अधिक ३० सेंट हा अमेरिकेतला नेहमीचा दर, म्हणजे एक डॉलर घेतला तर तेहेतीस सेंट वाटेतच गेले. दोन रुपये घ्यायचा विषयच नाही. आपल्याकडं ती अडचण जवळपास संपली. यूपीआय आलं २०१६ ला, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे पेमेंटमागची फी, घ्यायची नाही असा नियम झाला. म्हणूनच पार्क चौकातला भेळवाला दहा रुपयाला पण क्यूआर पुढं करतो. आणि इथंच आपली पोरं फसतात, त्यांना वाटतं फी गेली म्हणजे आता मायक्रोपेमेंट, असलं दोन-दोन रुपयाचं, चालणारच. फी गेली, पण ते मनातलं कुलूप आहे तिथंच आहे.

माझाच अनुभव सांगतो. २०१८ ला माझ्या एका मित्राची वेबसाइट होती, आपल्या भागातल्या ओव्या, लोककथा, जुन्या बारवांच्या गोष्टी असलं लिहायचा, झकास लिहायचा. आम्ही दोघांनी मिळून लेखाला तीन रुपये लावले. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी मधली कंपनी, जोडला, पहिले दोन परिच्छेद मोकळे ठेवले, पुढं कुलूप. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या कुर्डुवाडीच्या मामाचा फोन, "आरं तुझा लेख वाचायला ओटीपी मागायलाय, देऊ का नको?" तिसऱ्या दिवशी एका माणसाचे तीन रुपये कटले आणि नेट गेल्यामुळं लेख काय उघडला नाही. तो माणूस चार वेळा फोन करून भांडला. त्याचं बरोबर होतं, पैसे गेलेले त्याचे. पण त्या तीन रुपयाच्या रिफंडसाठी मित्राची अख्खी संध्याकाळ गेली, आणि लिहायला घेतलेला लेख तसाच राहिला. दोन रुपयाच्या गिऱ्हाइकाची तक्रार पण दोन हजाराच्या गिऱ्हाइकाएवढीच लांब असते, हे कुठल्या एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

सव्वा महिन्यानं कुलूप काढून टाकलं. सगळे लेख फुकट केले, आणि शेवटी त्यानं त्याच्या पद्धतीनं चार ओळी लिहिल्या की या लेखासाठी मी दोनदा एसटीनं मंगळवेढ्याला गेलो, तिकीट, चहा, झेरॉक्स धरून तीनशे ऐंशी रुपये झाले, आवडला असेल तर एक्कावन्न पाठवा. खाली क्यूआर. त्या आठवड्यात आठ जणांनी पाठवले, त्यातल्या एका रिटायर मास्तरांनी तर ५०१. आठ म्हणजे काय फार नाही, मला माहितीये. पण कुलूप होतं तेव्हा सव्वा महिन्यात जेवढे आले नव्हते त्याच्यापेक्षा जास्त होते आणि भांडायला कोण आलं नाही.

आता एक्कावन्नच का, ते सांगतो. गल्लीतल्या गणपतीपुढं भजनी मंडळ बसतं ना, तिथं जरा लक्ष देऊन बघा. एखादा अभंग रंगला की मागनं कुणीतरी उठतं, पेटीवाल्यापुढं नोट आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवतं, कानात काहीतरी सांगतं, आणि अभंग संपला की माईकवरनं येतं, "जोडबसवण्णा चौकातले आमचे अण्णा यांच्याकडून भजनी मंडळास एक्कावन्न रुपये, मंडळ आभारी आहे." ज्याचं नाव आलं तो तेवढ्या वेळात खाली बघून चप्पल शोधल्यासारखं करतो, पण ऐकत असतो बरोबर. यूट्यूबनं २०१७ ला सुपर चॅट म्हणून जे काढलं ते हेच आहे, पैसे द्या आणि नाव रंगीत पट्टीत वर दिसेल. आपल्याकडं ते पिढ्यानपिढ्या चालू आहे. २, ५, १० हे दुकानातले आकडे. ११, २१, ५१, १०१ हे मान द्यायचे आकडे, ते देताना माणूस वस्तूची किंमत करत बसत नाही.

म्हणून मी ज्याला त्याला सांगतो, क्यूआरच्या खाली रक्कम लिहा, मोकळं सोडू नका. "यथाशक्ती" लिहिलं की माणूस गोंधळतो, दहा दिले तर कमी दिसतील, शंभर दिले तर जास्त होतील, आणि मग काहीच देत नाही. २१, ५१, १०१ तीन आकडे पुरेत. बहुतेक लोक मधला धरतात.

शब्द पण जपून वापरा. "वर्गणी" म्हणू नका, सोलापुरात वर्गणी म्हटलं की पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली मंडळाची पोरं डोळ्यापुढं येतात आणि माणूस आतून कडी लावतो. "चहापाण्यासाठी" तर अजिबात नको, त्याला सरकारी ऑफिसातला वास येतो. "देणगी" म्हटलं की लोक विचारतात ८०जी ची, म्हणजे करसवलतीची, पावती मिळंल का, ती नोंदणी झालेल्या संस्थेलाच देता येते, तुम्ही एकट्या माणूस, तुम्हाला नाही देता येणार. सगळ्यात चांगलं म्हणजे खर्चाचंच नाव घ्या. अशोक चौकातल्या आजोबांकडं जायला-यायला रिक्षा एवढी, मेमरी कार्ड एवढं, तेलुगू बोलणाऱ्या आजींचं मराठीत उतरवून देणाऱ्या मुलीला एवढे दिले. लोकांना रिक्षाचं भाडं कळतं, "कंटेंट क्रिएटरला सपोर्ट करा" हे नाही कळत. (मला पण नाही कळत खरं म्हणजे.)

कुठं मागायचं हे पण ऐका. तुम्ही व्हिडिओच्या सुरुवातीलाच मागता, ते बंद करा, अजून काही ऐकवलंच नाही तर कशाचे पैसे. तुमच्या एका व्हिडिओत ते आजोबा गिरणीच्या भोंग्याचा आवाज तोंडानं काढून दाखवतात आणि मग काही सेकंद गप्पच बसतात, ते बघताना माझ्या आईनं मोबाइल माझ्या हातातनं घेतला होता. माझे आजोबा पण गिरणीतच होते. त्या शांततेच्या नंतर दहा सेकंद, एकच वाक्य, आणि क्यूआर. मध्ये संगीत-बिंगीत टाकू नका. आणि तारीख बघा, पगाराच्या नंतरचे आठ-दहा दिवस चांगले, पंचवीस तारखेनंतर मागून उपयोग नाही, माणूस त्यावेळी स्वतःच उधारीवर असतो.

देणारे कोण असतात ते पण सांगतो, म्हणजे अपेक्षा बरोबर राहील. इथं राहणारा सोलापूरकर तुमचं कौतुक करेल, दुकानात भेटला तर चहा पाजेल, पण क्यूआरला पैसे फार टाकणार नाही, त्याला भोंग्याची आठवण फुकट मिळते. टाकतो तो बाहेर गेलेला. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन आठवडाभर आयटीत राबणारा, मुंबईला चाळीस वर्षं झालेला, ज्याला दर दिवाळीला गावाकडनं शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी पोचवावी लागते तो. माझ्याकडच्या चॅनलचं बघितलं तर नियमित बघणाऱ्या हजारातले पाच-सात जण देतात, कधी तेवढे पण नाही. हे माझ्या वहीतलं सांगतोय, जगाचं नाही. अकरा हजार सबस्क्रायबर म्हणजे अकरा हजार नियमित बघणारे नव्हेत, ते तुम्हाला माहितीच आहे.

आता सोय कशी करायची. साधा यूपीआय क्यूआर सगळ्यात पहिला, कारण पैसे त्याच क्षणाला खात्यात आणि मधे कुणाचा हात नाही. यूट्यूबचं स्वतःचं पण आहे, सुपर थँक्स (व्हिडिओखालचं बटण दाबून पैसे द्यायचे), मेंबरशिप वगैरे, त्यासाठी आता ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसात तीन व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास बघितलं गेलं की अर्ज करता येतो, तुम्ही त्याच्या कधीच पुढं गेलाय. पण त्यात तुमच्या हातात येतं ते सत्तर टक्के, आणि ते पण कर वजा झाल्यावर. समजा कुणी १०० रुपये सुपर थँक्स दिले आणि त्यातच १८ टक्के जीएसटी धरलेला असला, तर राहिले ८४ रुपये ७५ पैसे, त्याचे सत्तर टक्के म्हणजे ५९ रुपये आणि काही पैसे. आयफोनवरनं दिले तर ॲपलचा वाटा आधी जातो, अजून कमी. आणि हे सगळं परत त्या शंभर डॉलरच्या गल्ल्यात जाऊन बसणार. तरी बंद ठेवू नका, चालू ठेवा, काही लोकांना कार्डानेच द्यायचं असतं आणि नाव तिथं सगळ्यांना दिसतं याचा पण मोह असतो. फक्त त्याच्यावर घर चालवायचा विचार करू नका.

जाहिरातीचं तर विचारूच नका. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्समध्ये ४५, पण मूळ दरच हजार व्ह्यूजमागं. तुमच्या व्हिडिओतल्या त्या मावशी सांगतात ना, मजुरी हजार विड्यांमागं ठरते आणि मोजताना खराब म्हणून मूठभर बाजूला काढतात. यूट्यूबचं पण हजारावरच आहे, आणि विषय जरा संपाचा, गोळीबाराचा, फाशीचा आला की पिवळा डॉलर लागतो, म्हणजे जाहिरात जवळजवळ बंद. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉवर आणि फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवर व्हिडिओ केला की तुमची विडी बाजूला काढलीच म्हणून समजा. असल्या व्हिडिओला तर थेट लोकांकडंच गेलं पाहिजे.

दर महिन्याला आपोआप यावेत असं वाटत असेल तर यूपीआय ऑटोपे आहे, २०२० पासून आहे. ते आपल्या घरगुती क्यूआरवर होत नाही, गेटवेकडनं मर्चंट म्हणून घ्यावं लागतं आणि गेटवेवाले साधारण दोन टक्के फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ५१ रुपयातले एक रुपया वीस पैसे गेले, चालतं तेवढं. देणाऱ्यानं एकदा पिन टाकून मंजुरी दिली की १५ हजारापर्यंतच्या रकमेला पुढं दर वेळी पिन लागत नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या निदान २४ तास आधी त्याला मेसेज जातो. हा मेसेज म्हणजे दर महिन्याला एक परीक्षा आहे तुमची. दोन महिने व्हिडिओ टाकला नसला आणि त्याच दिवशी मेसेज गेला की माणूस तिथल्या तिथं बंद करतो. मी काय करतो, कापायची तारीख ५ ठेवतो आणि २ किंवा ३ तारखेला नवीन व्हिडिओ टाकायला लावतो. साधं आहे, पण याच्यानं टिकतात लोक. सुरुवातीला मात्र हे नको, आधी सहा महिने सुट्टे ५१ गोळा करा, कोण कोण परत परत देतंय ते कळलं की त्या पंचवीस-तीस जणांनाच विचारा.

यूपीआय लाइट पण लोकांना सांगत जा, पिन लागत नाही, एका वेळी हजार रुपयापर्यंत जातात, त्यात पाच हजारापर्यंत भरून ठेवता येतात, आणि देणाऱ्याच्या पासबुकात प्रत्येक २१ रुपयाची ओळ येत नाही. पासबुक घेऊन बँकेत रांगेत उभं राहणाऱ्या काकांना याचं फार बरं वाटतं.

आता जे कोण सांगत नाही ते. क्यूआर लावताना तुमचा घरचा नंबर असलेला यूपीआय आयडी वापरू नका, बायकांना तर मी हात जोडून सांगतो. नंबर सगळ्या जगाला दिसतो आणि रात्री अकराला "मॅडम व्हिडिओ छान होता" असले फोन सुरू होतात. ॲपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी बनवता येतो, दोन मिनिटाचं काम आहे.

आणि खातं वेगळं काढा. हे का सांगतोय, तर माझ्याकडच्या एका मुलाचं, गणित शिकवतो तो, त्याच्या खात्यावर एकदा कुणीतरी ५०० रुपये पाठवले. आला पैसा, आभार मानले, विषय संपला. तीन आठवड्यांनी दुधाचे पैसे द्यायला गेला तर पेमेंट होईना. बँकेत विचारलं तर म्हणे वरनं होल्ड आहे, कुठल्या तरी परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. झालं असं होतं की कुणाला तरी ऑनलाइन फसवून काढलेले पैसे ज्या खात्यातनं फिरले, त्यातल्याच एका खात्यातनं हे ५०० आले होते. पाचशे रुपयासाठी त्याचं अख्खं खातं अडकलं, त्यात क्लासची फी, घरभाडं, सगळं. बँकेतला माणूस म्हणे पोलिसांना विचारा, पोलिसांचा फोन लागेना, लागला तर भाषा कळेना. व्हिडिओची लिंक, क्यूआर जाहीर असल्याचा स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याला ओळखत नाही असं लिहून दिलेलं पत्र, असं सगळं ईमेलनं पाठवत पाठवत दोन महिने गेले, मग सुटलं. तेव्हापासून माझा नियम आहे, क्यूआरचं खातं वेगळं, त्यात दुसरं काही नाही, दर शनिवारी त्यातले पैसे काढून घरच्या खात्यात. उद्या अडकलं तर आठवड्याचे अडकतील. आणि अनोळखी माणसाकडनं अचानक मोठी रक्कम आली तर आनंदात खर्च करू नका, आठ दिवस पडू द्या.

याच्याच बाजूला दुसरी भानगड, "मॅडम ५० पाठवायचे होते, चुकून ५,००० गेले, ४,९५० परत पाठवा" असा रडका फोन. मेसेज पण दाखवतील, खोटा असतो. बँकेच्या ॲपमध्ये बघा, पैसे आलेच नसतील. खरंच आले असतील तरी स्वतः पाठवायचे नाहीत, त्याला म्हणायचं तुझ्या बँकेकडनं परत माग. आणि कमेंटमध्ये कुणी तुमच्या नावानं स्वतःचा क्यूआर किंवा लिंक टाकली तर लगेच उडवा, बघणाऱ्यांना सांगून ठेवा की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, आणि कुणी फसलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनच्या नंबरला फोन.

करावर दोन वाक्यं. लोक म्हणतात भेट आहे, ५० हजारापर्यंत माफ. तसं नाही, तुमच्या कामासाठी लोकांनी दिलेले पैसे म्हणजे तुमचं उत्पन्नच, मग ते ११ रुपये का असेनात. वही ठेवा, वेगळं खातं असलं की निम्मं काम झालेलंच असतं, रिक्षा-मेमरी कार्डाची बिलं पण ठेवा, सीएला दाखवा. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी साधारण वर्षाला २० लाखाच्या वर लागते, तिथं पोचलात तर मला पेढे द्या.

तुम्ही विचारलंय की दुबई-अमेरिकेतले सोलापूरकर पण द्यायला तयार आहेत, ते कसं घ्यायचं. पेपालनं भारतातल्या भारतात पैसे द्यायची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, बाहेरनं येणारे घेता येतात पण फी आणि डॉलरचा भाव धरून छोट्या रकमेत हातात फार राहत नाही. त्याच्यापेक्षा ज्यांचं एनआरई किंवा एनआरओ खातं (बाहेर राहणाऱ्यांचं भारतातल्या बँकेतलं खातं) आहे त्यांना सांगा, अमेरिका, इंग्लंड, अमिराती, सिंगापूर अशा ठरावीक देशांच्या मोबाइल नंबरवर पण यूपीआय चालू करायला २०२३ च्या जानेवारीत परवानगी मिळालीये. बँकेत विचारायला लावा. मात्र ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांच्या बाबतीत जपून, कारण परदेशी देणगीचा जो कायदा आहे, एफसीआरए, त्यात बातम्या आणि चालू घडामोडी देणाऱ्यांना परदेशी पैसे घ्यायला बंदी आहे. तुमचं आठवणींचं काम आहे, बातम्यांचं नाही, पण मधनं मधनं तुम्ही महापालिकेच्या पाण्यावर पण व्हिडिओ टाकता, ते मी बघितलंय. असे पैसे आले तर आधी सीएला विचारून मगच. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयनं स्वतःच्या कमाईतनं बँकेमार्फत पाठवले तर ते त्या कायद्यात परदेशी धरत नाहीत.

आणि भाच्याला नाराज करू नका, कुलूप लावायचंच असेल तर व्हिडिओला नको, वेगळ्या गोष्टीला लावा. सगळ्या मुलाखतींमधले गिरणीतले शब्द काढून, साचा, खातं, पाळी, बदली कामगार असलं, अर्थासकट एक पीडीएफ करा आणि १०१ ला विका. ते घेताना माणसाला काहीतरी घेतल्यासारखं वाटतं.

नावं वाचायचं विसरू नका, व्हिडिओच्या शेवटी, तुमच्याच आवाजात, स्क्रीनवर नुसती पळवू नका. आधी विचारून घ्या, काहींना नको असतं, भावकीत कळलं की उद्या ते पण मागायला येतात. त्यांना "एक हितचिंतक" म्हणा.

क्यूआर लावायच्या आधी एक काम नक्की करा, दुसऱ्याच्या फोनवरनं, दुसऱ्या ॲपवरनं, स्वतः एक रुपया टाकून बघा आणि तिथं नाव काय येतंय ते वाचा. गेल्या वर्षी एका कीर्तनाच्या चॅनलला महिनाभर एक रुपया आला नाही, माझं डोकं चालेना, शेवटी मी स्वतः स्कॅन केलं तर वर नाव आलं त्यांच्या मेहुण्याच्या चिकन सेंटरचं. खातं त्याच्या नावावर होतं. माणसं स्कॅन करत होती, नाव बघून गपचूप मागं फिरत होती.